गोणीवरचा आकडा आणि मिक्सरमधलं पाणी

देवळ्याच्या बाजूला कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सिमेंट कोणतं घ्यायचं? कांद्याचे, डाळिंबाचे चार पैसे हातात आलेले असतात, जुनं धाब्याचं घर उतरवलेलं असतं, आणि पाहुणे, शेजारी, दुकानदार, मिस्त्री असा प्रत्येकजण एकेका कंपनीचं नाव सांगून जातो. त्यावर आठ-आठ दिवस खल चालतो. मिक्सरमध्ये गोणीमागे पाणी किती घालणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बाजारातल्या आयएसआय चिन्हाच्या सिमेंटमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक अर्ध्या बादली पाण्याने पडतो. घर आयुष्यभराच्या कमाईचं असतं, म्हणून या समजुती एकेक करून तपासून पाहायला हव्यात.

‘५३ ग्रेडचं सिमेंट म्हणजे ५३ चा स्लॅब’

गोणीवरचा ५३ हा आकडा काँक्रीटचा नसतो. प्रयोगशाळेत एक भाग सिमेंट आणि तीन भाग तामिळनाडूतल्या एन्नोरची प्रमाणित वाळू घेऊन छोटे ठोकळे करतात. त्यांचा एक पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटरचा असतो. २८ दिवस पाण्यात ठेवून ते दाबयंत्रात फोडतात. दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन दाब सोसला, तर ते सिमेंट ५३ ग्रेडचं.

तुमच्या स्लॅबचा आकडा वेगळा. नकाशावर ‘एम २०’ किंवा ‘एम २५’ लिहिलेलं असतं, ती काँक्रीटची ताकद. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसतो तेव्हा ते एम २०. सरळ हिशेबात त्या ठोकळ्यावर सुमारे ४५ टनांचा भार येतो. सळईच्या कामासाठी एम २० पेक्षा हलकं काँक्रीट आयएस ४५६ हे भारतीय मानक चालवून घेत नाही. उत्तम ५३ ग्रेडच्या सिमेंटमध्ये भरमसाट पाणी ओतलं तर एम १५ सुद्धा मिळत नाही. उलट साध्या पीपीसी सिमेंटमधून नीट काम केलं तर एम २५ सहज मिळतं.

पीपीसीबद्दल आपल्याकडे एक अढी आहे, की ते राख मिसळलेलं, म्हणजे भेसळीचं. ही राख औष्णिक वीजकेंद्रातली फ्लाय अॅश असते, आणि पीपीसीत ती १५ ते ३५ टक्के असावी असं मानकच सांगतं. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेत चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी संयोग पावून आणखी बांधणारा पदार्थ तयार करते. जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घालत, त्यामागेही हेच रसायन होतं. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत घाटघरला उभं राहिलेलं धरण हे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण. त्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा फ्लाय अॅशच जास्त आहे. पीपीसीचा वेग मात्र सुरुवातीला कमी असतो, म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. सिमेंटचा रंग गडद आहे की फिका, यावरून ताकद ओळखता येत नाही. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचणं जास्त उपयोगाचं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू नये.

‘माल पातळ असला की चांगला बसतो’

स्लॅबच्या दिवशी घरात केवढी लगबग असते. नारळ फुटतो, मिक्सरचा ड्रम फिरायला लागतो, घमेल्यांची रांग वर सरकते. तासाभरात वरून आरोळी येते, ‘माल घट्ट येतोय, पाणी सोड!’ ऑपरेटर पाइपची तोटी थोडी जास्त उघडतो. माल सळसळत पसरतो, फावड्याला जोर लागत नाही, काम झपाझप उरकतं. थोड्या वेळाने सेंट्रिंगच्या प्लेटांच्या फटींतून करडं पाणी खाली ठिबकायला लागतं. त्या पाण्यातून तुमचं सिमेंट वाहून जात असतं.

सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. ५० किलोच्या गोणीला २० लिटर. काम करता यावं म्हणून थोडं जास्त घालतात. आयएस ४५६ ने सौम्य हवामानातल्या सळईच्या कामाला जास्तीत जास्त ०.५५ हे गुणोत्तर ठरवून दिलंय, म्हणजे गोणीमागे साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. त्याहून जास्त पडलेलं पाणी क्रियेत भाग घेत नाही. ते नंतर उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या सोडतं. शिकागोत डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये हा नियम मांडला: माल नीट बसवलेला असेल तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. गोणीमागे २५ लिटरच्या जागी ३२ लिटर पाणी पडलं, म्हणजे फक्त अर्धी बादली जास्त, तर ताकद पाव ते एक तृतीयांशाने उतरते. एम २५ चं काँक्रीट तिथल्या तिथे एम २० च्याही खाली जातं, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मग घट्ट माल बसवायचा कसा? निडल व्हायब्रेटरने. ती सोय नसेल तर स्लॅबची तारीख पुढे ढकला, एवढं मी आग्रहाने सांगेन. माल आणखी सैल हवाच असेल तर पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर वापरतात, तेही डब्यावरच्या मापाने. मालाचा सैलपणा मोजायला तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू असतो. तो मालाने भरून उचलला की माल जितका खाली बसेल तितका त्याचा स्लंप. नेहमीच्या स्लॅबला ७५ मिलिमीटरच्या आसपास पुरतो. शंकू मिळाला नाही तरी मापाची बादली मिळते. पाइप बंद, बादली सुरू, एवढा एकच नियम घरमालकाने त्या दिवशी लावून धरला तर त्याने सगळ्यात मोठं काम केलं.

पाण्याच्या भीतीपोटी काही जण ‘एक गोणी जादा टाक’ म्हणतात. तेही बरोबर नाही. सिमेंट गरजेपेक्षा जास्त झालं की उष्णता वाढते, आकसणं वाढतं, भेगा पडतात.

‘गिरणेची वाळू खरी, क्रश सँड खोटी’

लोहोणेर, विठेवाडी, भऊरकडच्या माणसाला गिरणेच्या वाळूचा अभिमान असणं साहजिक आहे. धुतलेली, गोल कणांची नदीची वाळू उत्तमच. पण नदीची आहे म्हणून ती स्वच्छ असतेच असं नाही. पात्राच्या कडेची, गाळ मिसळलेली वाळू कणाकणावर मातीचा थर घेऊन येते. सिमेंट मग वाळूला न चिकटता मातीला चिकटतं, शिवाय माती पाणीही जास्त मागते.

याची तपासणी घरी होते. सरळ काचेची बरणी घ्या, निम्मी वाळूने भरा, वर पाणी आणि चमचाभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसेल, तिच्यावर गाळाचा गुळगुळीत थर दिसेल. दोन्ही थर पट्टीने मोजा. वाळू दहा सेंटिमीटर आणि गाळ आठ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरायची नाही. मीठ फक्त गाळ लवकर बसावा म्हणून. त्यामुळे बरणीतली ती वाळू पुन्हा ढिगात टाकू नका, मीठ सळईचा वैरी आहे.

क्रश सँडबद्दलचा राग बहुतेक वेळा खऱ्या क्रश सँडवर नसून क्रशरच्या डस्टवर असतो. खडी फोडताना खाली पडणारी धूळ आणि चपट्या कणांचा चुरा, ती डस्ट. क्रश सँड वेगळ्या यंत्रात दगडावर दगड आदळून, कणांना आकार देऊन, चाळून आणि धुऊन करतात. आयएस ३८३ मध्ये ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी नैसर्गिक वाळूत ३ टक्के, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालते. यावर ‘सरकारने क्रशरवाल्यांना सूट दिली’ असं ऐकू येतं. खरं कारण साधं आहे: नदीच्या वाळूतली बारीक भुकटी बहुतेक माती असते, क्रश सँडमधली दगडाचंच पीठ असते. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, खडीला आणि क्रश सँडला दोन्हीला चांगला आहे. फक्त खाणीतला वरचा, मुरमाकडे झुकलेला थर आणि भोकं पडलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड नको. प्रयोगशाळेत खडीवर सुमारे १४ किलोचा हातोडा १५ वेळा सोडतात आणि किती चुरा झाला ते वजन करतात. साध्या काँक्रीटच्या खडीत तो ४५ टक्क्यांच्या वर नसावा, वर्दळीने झिजणाऱ्या रस्त्याच्या काँक्रीटला ३० च्या वर नसावा.

वाळू ब्रासने घेतो, म्हणून आणखी एक गोष्ट. दमट वाळू फुगते. पाच ते आठ टक्के ओलावा असला की ती २५ टक्क्यांपर्यंत जास्त जागा व्यापते. म्हणजे ट्रॉली भरलेली दिसते आणि ब्रासमागे पाचवा हिस्सा वाळू कमी आलेली असते. घमेल्याने प्रमाण धरणाऱ्याचा सगळा हिशेब इथे चुकतो. वाळू जितकी ओली तितकी जास्त फुगते, हेही खरं नाही. पूर्ण पाण्यात बुडलेली वाळू पुन्हा कोरड्या वाळूएवढीच जागा घेते.

‘काँक्रीट वाळलं की पक्कं होतं’

सगळ्या समजुतींच्या मुळाशी ही आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग करून घट्ट होतं, आणि पाणी संपलं की ती क्रिया तिथेच थांबते. म्हणून तर पुलाचे पाये पाण्याखाली ओतता येतात.

आपल्या भागात स्लॅब पडतात ते बहुधा पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मालेगावकडची झळ देवळ्यापर्यंत पोचलेली असते, वारा कोरडा असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पाणी टँकरचं. नेमकं तेव्हाच काँक्रीटला सगळ्यात जास्त पाणी लागतं. मानकानुसार साध्या, राख नसलेल्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-तापलेल्या हवेत आणि पीपीसीला किमान १० दिवस पाणी हवं, आणि पीपीसीसारख्या सिमेंटला १४ दिवस द्यावं अशी शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलेलं पाणी दुपारी बारापर्यंत टिकत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं. कॉलमला तागाचं बारदान गुंडाळून ते सतत ओलं ठेवावं. कांद्याची प्लॅस्टिकची जाळीदार गोणी गुंडाळलेली दिसते, तिचा उपयोग नाही, ती पाणी धरत नाही. टँकरचा खर्च डोळ्यांत भरतो, हे कबूल. पण त्यात वाचवलेले पैसे स्लॅबच्या ताकदीतून कापले जातात. पाणी पुरणारच नसेल तर स्लॅबला दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा. प्लेटा आणि टेकूंचंही तसंच: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांआधी काढायचे नाहीत, आणि हे दिवस साध्या सिमेंटचे. पीपीसी असेल किंवा थंडीचा कडाका असेल तर आणखी थांबा.

‘जुनं चुन्याचं काम शतकं टिकतं, सिमेंट पन्नास वर्षंही नाही’ असं म्हणताना मोसम-पांझरा नद्यांवरच्या फड बंधाऱ्यांचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकतो. त्या बंधाऱ्यांत लोखंड नाही. आपल्या घरात काँक्रीटच्या आधी सळई मरते. ती गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. तिला वाचवतो तो कव्हरचा थर: स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४०, पायाला ५०. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवायचे असतात. दगडाची कपची ठेवली की कामगाराच्या पायाखाली ती सरकते आणि सळई प्लेटेला टेकते.

‘टेस्टिंग सरकारी कामालाच लागतं’

हजार चौरस फुटांच्या, पाच इंची स्लॅबला सुमारे १२ घनमीटर काँक्रीट लागतं. मानकाच्या हिशेबाने त्यातून दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे सहा ठोकळे काढायचे. आठवड्यात अंदाज हवा असेल तर तीन जास्तीचे. साचे इंजिनिअरकडे किंवा नाशिकच्या प्रयोगशाळेत मिळतात. खडी, वाळू, सिमेंट, काँक्रीट तपासण्याचं काम करणारी ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून नाशिकमध्येच आहे.

ठोकळ्यांसाठी माल मिक्सरच्या तोंडाशी, तुमच्यासमोर, मधल्या एखाद्या घाण्यातून घ्यावा. पहिला खास घट्ट घाणा त्यासाठी राखून ठेवू देऊ नका. माल तीन थरांत, सळईने ठोसून भरायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळ्यावर तारीख घाला आणि तो पाण्यात बुडवून ठेवा. उन्हात पडलेला ठोकळा खरं सांगत नाही.

क्यूब पास झाले म्हणजे स्लॅब पास झाला, असंही नाही. क्यूब फक्त मिक्सरमधून आलेला माल कसा होता ते सांगतो. तो नीट बसवला का, त्याला पाणी मिळालं का, कोपऱ्यात खडी उघडी पडून पोकळी राहिली का, हे स्लॅबच सांगतो. आणि क्यूब नापास झाले तर लगेच पाडापाडीचीही गरज नसते. स्लॅबमधून गोल गाभे कापून ते तपासतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के असेल आणि एकही गाभा ७५ टक्क्यांच्या खाली नसेल, तर मानक ते काँक्रीट मान्य करतं. हा निकाल येईपर्यंत वरच्या मजल्याचे कॉलम उभे करायचे नाहीत.