सुटकेसमधला चित्रकार

ऑफिसातला प्रिंटर कधी कागदाबाहेर गेलाय? म्हणूनच मी ‘हेक्टर’वर फिदा आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ‘इकाल’ या डिझाइन कॉलेजात युर्ग लेनीने २००२ मध्ये डिप्लोमासाठी हे यंत्र केलं, उली फ्रांके या इंजिनिअरच्या साथीने. अख्खं यंत्र सुटकेसमध्ये मावतं! आत काय? दोन मोटर्स, दातेरी पट्टे, बॅटरी आणि स्प्रेचा डबा धरणारा होल्डर. बस्स!

मोटर्स भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लावायच्या, मध्ये डबा लटकवायचा. लॅपटॉपच्या हुकमाने पट्टे कमी-जास्त होतात, डबा सरकतो. गणित शाळेतलंच. मोटर्समध्ये अंतर ६ मीटर, डबा बरोब्बर मधोमध ४ मीटर खाली हवाय? प्रत्येक पट्टा ५ मीटर सोडा. पायथागोरस झिंदाबाद!

गोची एकच. झटकन वळलं की डबा झुलणार, रेघ बिघडणार. जड चौकट लावली तर झोके थांबतील, पण मग सुटकेस विसरा! लेनीने इलाज सॉफ्टवेअरमध्ये केला, डब्याची वाट गोलसर वळणांची आखली. तरीही रेघ किंचित थरथरते, रंग ओघळतो. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. लेझर प्रिंटवर कुणाचा हात दिसतो का? इथे चक्क यंत्राचा दिसतो!