धुक्याचे शिल्प : फुजिको नाकाया यांची कला

शिल्प म्हटले की दगड, धातू किंवा माती यांना दिलेला टिकाऊ घाट डोळ्यांसमोर येतो. जपानी कलावती फुजिको नाकाया यांनी १९७० साली धुके हेच शिल्पाचे द्रव्य म्हणून स्वीकारले. क्षणोक्षणी विरणाऱ्या वस्तूला शिल्प का म्हणावे, हा प्रश्न त्यांच्या कलेचा विचार करताना प्रथमच उभा राहतो.

साप्पोरो येथे १९३३ साली जन्मलेल्या नाकाया यांना निसर्गाकडे पाहण्याची शिस्त घरातच लाभली. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक घडविला. स्फटिकाची आकृती म्हणजे तो ज्या तापमानात व आर्द्रतेत वाढला त्यांची जणू नोंदच होय, हे त्यांच्या संशोधनाने दाखवून दिले. कन्येच्या कलेचे मर्मही याच दृष्टीत सापडते.

ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनात पेप्सी मंडप धुक्याने वेढण्याचे काम नाकाया यांच्याकडे आले. कृत्रिम धुके रसायनांनीही निर्माण करता येते. परंतु प्रेक्षकाने धुक्यात शिरावे, त्यात श्वास घ्यावा, यासाठी त्यांनी शुद्ध पाण्याचाच आग्रह धरला. कॅलिफोर्नियातील मेघशास्त्रज्ञ टॉमस मी यांच्या साहाय्याने तो सिद्धीस गेला. मोठ्या दाबाखालील पाणी सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडते, समोरच्या बारीक टोकावर आदळते आणि त्याचे मिलिमीटरच्या दोनतीन शतांशांएवढे कण होतात. येथवर यंत्राची सत्ता. पुढचा घाट वारा, ऊन आणि भूमीचा उतार ठरवितात. म्हणूनच त्यांच्या शिल्पांच्या नावांत त्या त्या स्थळाजवळच्या हवामानकेंद्राचा क्रमांक येतो. बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालयातील १९९८ चे शिल्प ०८०२५ या क्रमांकाचे आहे.

या धुक्यात जपानी शाईचित्रांतील रिकामी, धूसर जागा आठवणे स्वाभाविक आहे. तथापि केवळ क्षणभंगुरतेच्या परंपरागत हळहळीत या कलेचा अर्थ संपवणे अपुरे ठरेल. चित्रातले धुके दुरून पाहावयाचे असते. हे धुके पाहणाऱ्यालाच वेढते, त्याला क्षणभर दिसेनासे करते, आणि दृष्टी हरपताच स्पर्श व श्रवण जागे होतात. नाकाया यांनी १९७२ साली मिनामाता येथील पारादूषणाच्या पीडितांसाठी धरणे धरून बसलेल्यांचे व्हिडिओचित्रण केले आणि ते त्यांनाच तेथे दाखविले. तेथेही पाहणारा घटनेबाहेर उरत नाही. निसर्गावर मात करणाऱ्या उद्योगाने समुद्र विषारी केला त्याच काळात, तंत्राने आपले काम करून वाऱ्यास वाट द्यावी, ही भूमिका निव्वळ सौंदर्याची राहत नाही.

मग धुक्याला शिल्प का म्हणावे? अदृश्य वाऱ्याला ते दृश्य घाट देते म्हणून. घाट टिकत नाही. परंतु घाट घडण्याची क्रिया मात्र डोळ्यांदेखत चालू राहते. दगडाच्या शिल्पात ती छिन्नी खाली ठेवताच संपलेली असते.