मनगट दुखतंय? आपल्या हाताच्या मापाचा कीबोर्ड कसा बनतो, समजून घ्या

सेवा केंद्रात अर्ज भरणारे, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करणारे, टायपिंग परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली, या सगळ्यांचा दिवस कीबोर्डवर जातो. संध्याकाळी मनगट भरून येतं. याचं एक कारण कीबोर्डच्या आकारात आहे. खांदे रुंद, पण दोन्ही हात एका अरुंद पट्टीवर आणावे लागतात. त्यामुळे मनगटं बाहेरच्या बाजूला वळतात.

यावर उपाय म्हणून अनेक हौशी मंडळी दोन भागांचा कीबोर्ड स्वतःच बनवतात. त्याचा गाभा म्हणजे आतलं सर्किट बोर्ड. ते असं तयार होतं :

आधी हाताचं माप : कागदावर पंजा सैल ठेवून बोटं टेकतात तिथं खुणा करा. मधलं बोट लांब, म्हणून त्याची उभी ओळ वर. करंगळी आखूड, म्हणून तिची ओळ खाली. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १९ मिलिमीटर ठेवतात.

मग वायरिंग : एका भागात ३० बटणं असली तरी ३० वायरी लागत नाहीत. ५ आडव्या आणि ६ उभ्या ओळी केल्या, की ११ वायरींत काम भागतं. कोणती आडवी आणि कोणती उभी ओळ जुळली, यावरून बोर्डवरच्या छोट्या चिपला दाबलेलं बटण कळतं.

प्रत्येक बटणाला डायोड : पाइपलाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, तसंच याचं काम. करंट एकाच दिशेनं जातो. डायोड नसेल, तर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथं अक्षरही उमटू शकतं.

कॉम्प्युटरवर नकाशा : ‘कीकॅड’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात बटणांच्या जागा आणि तांब्याच्या रेषा आखून फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला पाठवतात.

घाई इथंच नडते : बोर्ड सहसा एकदम पाच-दहा घ्यावे लागतात. नकाशात एक पिन उलटी पडली, तर सगळेच बोर्ड चुकीचे येतात. म्हणून ऑर्डरआधी नकाशा खऱ्या मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, बटणं बसवून बघा आणि हात ठेवून बघा. दहा रुपयांची प्रिंट हजारोंचं नुकसान वाचवते.

बोर्ड आल्यावर सोल्डरिंग करायचं आणि चिपमध्ये ‘क्यूएमके’ हा मोफत प्रोग्राम टाकायचा. मोबाइल रिपेअरिंग येणाऱ्याला हे जड नाही. मराठीसाठी वेगळा बोर्ड लागत नाही. इनस्क्रिप्टची सेटिंग कॉम्प्युटरमध्येच करता येते.

एक लक्षात ठेवा : कीबोर्ड म्हणजे औषध नव्हे. बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.