फिलिपिन्सचं इंग्रजी आणि शाळेतली मुलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजी माध्यमाचा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘फिलिपिन्समध्ये बघा, पहिलीपासून इंग्रजी, म्हणून तिथली पोरं कुठल्या कुठे पोचली.’ पुरावा म्हणून मनिलाची कॉल सेंटरं, जगभरच्या इस्पितळांतल्या फिलिपिनो नर्स, आणि आपल्याकडून दावाओला डॉक्टरकी शिकायला जाणारी मुलं यांची नावं घेतली जातात. हे सगळं खरं आहे, पण ही माणसं शाळेच्या चाळणीतून पार झालेली आहेत. चाळणीतच अडकलेल्यांचा आकडा कोणी सांगत नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हा दाखला देणं ही दिशाभूल आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी फिलिपिन्सने २०१८ मध्ये पहिल्यांदा दिली. वाचनात ३४० गुण मिळाले आणि सहभागी देशांत तो शेवटचा ठरला. दर पाच मुलांपैकी चार किमान पातळीच्या खाली होती. ही चाचणी इंग्रजीत होती, आणि ती देणाऱ्यांपैकी ९४ टक्के मुलं घरी दुसरीच भाषा बोलत होती. २०१९ च्या आग्नेय आशियाई पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी फक्त १० टक्के प्राथमिक शाळा संपताना अपेक्षित असलेल्या वाचनापर्यंत पोचली होती. त्याच पाहणीत व्हिएतनामची ८२ टक्के मुलं तिथवर पोचली, आणि ती आपल्या भाषेत परीक्षा देत होती.

आता वर्गात काय घडतं ते पाहा. सेबू बेटावरचं मूल घरी ‘उसा, दुहा, तुलो’ असं मोजतं. बाजारात किमती आणि घड्याळाची वेळ बहुधा स्पॅनिश वळणाच्या आकड्यांत ऐकतं. टागालोगवर बेतलेली राष्ट्रभाषा फिलिपिनो शिकताना तेच आकडे ‘इसा, दालावा, तात्लो’ होतात, आणि गणिताच्या पुस्तकात ते ‘वन, टू, थ्री’ असतात. बेरीज त्याला कळत नाही असं नाही. बेरजेचं गणित कोणत्या भाषेत विचारलंय ते उमजेपर्यंत तास संपतो. दीडशेहून अधिक भाषांच्या या देशात अमेरिकी राजवटीने १९०१ मध्ये इंग्रजी हे शिक्षणाचं माध्यम केलं. १९७४ च्या द्विभाषा धोरणानेही गणित आणि विज्ञान इंग्रजीतच ठेवले. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या प्रयोगाचा निकाल वरच्या आकड्यांत आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मातृभाषा आणून पाहिली की त्यांनी, २०१२ पासून. काय फरक पडला?’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, म्हणून तारखा नीट बघू. २०१८ च्या चाचणीला बसलेल्या मुलांची पहिली २०१२ च्या आधीच झाली होती. त्यांचं अपयश मातृभाषेच्या खात्यावर टाकताच येत नाही. २०२२ च्या चाचणीतली मुलं या धोरणाच्या अगदी पहिल्या तुकडीच्या आसपासची, आणि वाचनात ३४७ वर थांबली. पण धोरण उतरलं कसं? फिलिपाइन इन्स्टिट्यूट फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने २०१९ मध्ये हजारो शाळांची पाहणी केली. स्थानिक भाषेतली वाचनपुस्तकं, लेखनपद्धती, व्याकरण आणि शब्दकोश ही चारही कामं पुरी केलेल्या शाळा दहा टक्केही नव्हत्या. पुस्तकाविना शिकवायला लावायचं आणि मग भाषेलाच नापास ठरवायचं, हा न्याय नव्हे. जिथे काम नीट झालं तिथले निष्कर्ष वेगळे आहेत. इलोइलोमध्ये १९४८ ते १९५४ दरम्यान मुलांना पहिली दोन वर्षं हिलिगायनोनमधून शिकवलं गेलं. तिसरीत इंग्रजीकडे वळल्यावर त्यांनी त्याच वर्षात इंग्रजीवाल्या वर्गांना गाठलं. कलिंगा प्रांतातल्या लुबुआगानमध्ये मातृभाषेतून सुरुवात केलेली मुलं सगळ्या विषयांत पुढे राहिली, इंग्रजीतसुद्धा. इंग्रजी शिकवू नका असं यात कुठेही म्हटलेलं नाही. पाया कोणत्या भाषेत घालायचा, एवढाच प्रश्न आहे.

नुसती भाषा बदलून सगळं सुटेल, असाही दावा नाही. संसदेच्या दुसऱ्या शिक्षण आयोगाला आढळलं की २०१२ नंतरच्या दशकात पहिली ते दहावीसाठी फक्त २७ पाठ्यपुस्तकांची खरेदी झाली. पाच वर्षांखालच्या दर चार मुलांपैकी सुमारे एकाची वाढ कुपोषणाने खुंटलेली आहे. उपाशी मुलाला कोणतीच भाषा पुरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘करोनाने वाट लावली’: शाळा जगात सर्वाधिक काळ बंद राहणाऱ्यांत फिलिपिन्स होता, नुकसानही झालं, पण तळ २०१८ मध्येच गाठलेला होता. ‘गरीब देश, दुसरं काय होणार’: दरडोई उत्पन्न जवळपास तेवढंच असलेल्या व्हिएतनामने २०२२ मध्ये गणितात ४६९ गुण मिळवले, फिलिपिन्सने ३५५. ‘शाळेची वर्षं वाढवली, आता प्रश्न मिटला’: दहाची बारा वर्षं झाली, पण तिसरीत वाचता न येणाऱ्याला अकरावी-बारावीचा उपयोग नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फिलिपिन्समध्ये नवा कायदा झाला. बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं राहिलं नाही. फिलिपिनो आणि इंग्रजी परत आले, स्थानिक भाषा साहाय्यापुरत्या उरल्या. माझ्या मते ही चूक आहे, आणि तिची किंमत सेबू, समार, कलिंगातली सहा वर्षांची मुलं मोजतील. आपल्याकडे शाळा निवडताना कोणी फिलिपिन्सचा दाखला दिला, तर त्याला एवढंच विचारा: तिथल्या पाचवीतल्या किती मुलांना वाचता येतं?