ओरखडा कुठे पडलाय, ते आधी बघा

पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीवर जाऊन आलेली जीप धुण्याआधी तिच्याखाली वाकून बघावं. लाल चिखल सगळीकडे सुकून बसलेला असतो, पण एखाद्या जागी लोखंड घासून लख्ख झालेलं दिसतं. दगड लागला तो तिथे. गाडी उंच करून घ्यायची, म्हणजे ‘लिफ्ट’ करायची, तर विचार या ओरखड्यापासूनच सुरू करायला हवा. उंची दोन रीतींनी वाढवता येते आणि प्रत्येक रीतीत गाडीचा वेगळा भाग वर जातो.

थार, बोलेरो, जिप्सी, जिम्नी या गाड्यांना खाली शिडीसारखी चॅसी असते. गाडीचे तीन मजले धरले, तर तळाला चाकं आणि ॲक्सल, मध्ये इंजिन-गिअरबॉक्स वाहणारी चॅसी आणि वर आपण बसतो ती बॉडी. खालच्या दोन मजल्यांमध्ये पाटे किंवा स्प्रिंगा असतात, तर वरच्या दोहोंमध्ये रबरी बुश आणि लांब बोल्ट. क्रेटासारख्या गाडीत चॅसी आणि बॉडी मिळून एकच कवच असतं, त्यामुळे तिथे बॉडी लिफ्टचा प्रश्न येत नाही.

बॉडी लिफ्टमध्ये बोल्ट सोडवून बॉडी थोडी उचलतात आणि प्रत्येक बुशापाशी कडक प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालून जास्त लांबीचे बोल्ट आवळतात. बैलगाडीची साटी ठोकळ्यांवर चढवावी तसंच हे. साटी वर गेली तरी आख जागचा हलत नाही. इथेही चॅसी, इंजिन, ॲक्सल होते तिथेच राहतात. दगडाला लागणारी चॅसी पुढेही लागणारच. मिळते ती चाकावरच्या कमानीतली मोकळी जागा, म्हणजे मोठे टायर बसवण्याची सोय.

काम स्वस्त असलं तरी सोपं नाही. बॉडीपासून चॅसीकडे जाणारी प्रत्येक गोष्ट ताणली जाते: स्टिअरिंगचा शाफ्ट, गिअरचा दांडा, डिझेल भरायची नळी, वायरिंग, ब्रेकचे पाइप. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला आणि पंखा इंजिनाबरोबर खाली राहिला, तर दोघांची जागा जुळत नाही. बोल्ट जितके लांब, तितका धक्क्यात त्यांच्यावर वाकवणारा जोर जास्त. म्हणून जाणते लोक एक-दोन इंचांवर थांबतात आणि ठोकळ्यावर ठोकळा चढवत नाहीत. जमेची बाजू ही की सस्पेन्शनची मोजमापं बदलत नाहीत.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चॅसीच चाकांपासून वर जाते. जिप्सीसारख्या पाट्यांच्या गाडीत जादा पाटा घालतात, लांब शॅकल लावतात किंवा ॲक्सलच्या खाली असलेले पाटे वर घेतात. जिम्नीला लांब कॉइल स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअप लागतात. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार होता. तो पिळून नाक उंच करण्याची युक्ती अनेकांनी केली. त्यात चाकाचा खाली जाण्याचा वाव संपतो आणि खड्ड्यात गाडी ठाणकन वाजते. शिवाय पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरके पडून त्यांची रबरी टोपणं लवकर फाटतात.

इथे फायदा खरा आहे. पोट वर जातं आणि शेताचा बांध ओलांडताना गाडी मधोमध टेकत नाही. नाक आणि शेपूट सुटतं. पण कोन बदलतात. प्रॉपेलर शाफ्ट तिरका होऊन थरथरतो, स्टिअरिंग हलकं होऊन गाडी सरळ जाताना भरकटते, ब्रेकच्या रबरी नळ्या अपुऱ्या पडतात. नुसत्या स्प्रिंगा बदलून अलाइनमेंट तशीच ठेवली, तर हे काम अर्धवटच राहतं.

आणि एक गोष्ट यापैकी कुठल्याच रीतीने वर जात नाही. मागच्या अखंड ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांच्या केंद्राशी बांधलेला असल्याने त्याला फक्त मोठा टायर उचलतो, तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. २९ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर घातला, तर गोळा फक्त एक इंच वर जातो. त्यात मीटरवर ६० दिसताना प्रत्यक्ष वेग ६४ असतो, चढाला गिअर जड पडतो आणि ब्रेकवरचा ताण वाढतो.

उंची वाढवण्याची खरी किंमत घाटात कळते. पोलादपूरहून प्रतापगडाच्या फाट्यावरून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी सुमारे ४० किलोमीटर वळणांचा. समजा, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. अर्ध्या अंतराला उंचीने भागलं की १.०७ हा आकडा येतो. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी कलंडायला सोपी. पाच सेंटिमीटरच्या बॉडी लिफ्टने वजनाचा तिसरा भाग वर गेला असं धरलं, तर गुरुत्वमध्य पावणेदोन सेंटिमीटरच्या आत चढतो आणि आकडा १.०५ होतो. तेवढ्याच सस्पेन्शन लिफ्टने चार-पंचमांश वजन वर गेलं, तर गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर चढतो आणि आकडा १.०१ वर येतो. टपावर कॅरिअर आणि त्यावर तांदळाची पोती लादली, की तो आणखी घसरतो.

पाण्यातही नुसत्या उंचीवर विसंबू नये. २०२० च्या थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. हा आकडा सावित्री नदीच्या पुराला लावू नये. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं आणि उंच गाडीही तरंगू लागली की चाकांची पकड जाते.

कायदाही पाहून ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पान्याला हात लावण्याआधी पेणच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी.

आता पुन्हा गाडीखाली वाकू. चॅसीच्या आडव्या पट्टीवर चकाकी असेल, तर सस्पेन्शन लिफ्टचा विचार करा, तोही थोडक्या उंचीचा. चाकाच्या कमानीत टायर घासल्याची काळी खूण असेल, तर बॉडी लिफ्ट पुरेल. गोळ्यावर चकाकी असेल, तर दोन्ही लिफ्ट वाया. तिथे थोडा मोठा टायर किंवा गोळ्याखाली जाड पत्रा कामाला येईल. दगड चाकाखाली घेऊन जाणं तर फुकटच आहे.

आणि कुठेच ओरखडा नसेल, तर गाडी आहे तेवढीच उंच राहू द्या. आंबेनळीच्या वळणांवर ती आहे त्या उंचीतच जास्त भरवशाची.