चोथ्याची भूक

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंती आहे. उन्हाळा लागला की चरकाची घुंगरं दिवसभर वाजतात आणि संध्याकाळी मी दोन पोती चोथा घरी आणते. त्याला तोवर आंबूस वास सुटलेला असतो आणि मुंग्या पोत्यासोबतच जिना चढतात. गच्चीवर पसरून दोन दिवस कडकडीत वाळवला की वासही जातो, मुंग्याही.

पहिल्या वर्षी हा वाळलेला चोथा तसाच पिशव्यांत भरला, वर चार बोटं माती घातली आणि पालक लावला. रोपं छान उगवली, पण पंधरवड्यात पिवळी पडली. चोथ्यात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतंच. चोथ्यात पुरेसं नसलं की ते मातीतलं ओढून घेतात आणि पालक उपाशी राहतो.

ऊसवाल्या शेतकऱ्यांना हे गणित ठाऊक असतं. तोडणीनंतर हेक्टरी 8 ते 10 टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, रानात उरतं. ते सरीत कुजवायचं तर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायला सांगतात. तो युरिया आधी जिवाणूंच्या भुकेसाठी असतो. पाचट पेटवलं, तर कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून निघून जातं. दरवर्षी पेटलेली रानं पाहिली की माझा जीव तुटतो.

गच्चीवर मी युरियाऐवजी अमृतजल वापरते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारातली ही रीत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच रीतीनं भाजीपाला पिकवून दाखवला. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दहापट पाणी घालायचं. त्यात चोथा नि पालापाचोळा एक दिवस-रात्र बुडवून ठेवायचा आणि मूठ-मूठ माती भुरभुरवत थर रचायचे.

पाचोळ्याचेही स्वभाव असतात. सोसायटीतल्या गुलमोहराची बारीक पानं लगेच विरघळतात. आंब्याचं चिवट पान मात्र हातानं चुरगाळूनच टाकावं लागतं, नाहीतर महिन्यानंतरही ते अख्खंच्या अख्खं सापडतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत चांगलीच ऊब लागते. दर आठवड्याला मी तो वरखाली करते. ओलावा मुठीत दाबून बघायचा: बोटांना ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. हळूहळू चोथ्याचा पांढुरका रंग जातो, धागे बोटांत तुटू लागतात. पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला की मी पिशव्या भरायला घेते.

यंदाचा पालक हिरवागार आला. पहिली जुडी रसवंतीवाल्या काकांना दिली. त्यांनी पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, उद्या तीन पोती बाजूला ठेवतो."