पुराचं पाणी आणि पुसलेला फोटो

२७ जुलै २०१९ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. उल्हास नदी चढली की आपण म्हणतो, वर कर्जतकडे जोरदार झालेला दिसतो. तो पाऊस आपण पाहिलेला नसतो. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला नैयायिक ‘शेषवत्’ म्हणतात, आणि त्यांचं उदाहरण नदीच्या पुराचंच आहे.

आता संगणकाकडे येऊ. फोटोंचा फोल्डर उघडला की विंडोज प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा बनवून वेगळ्या फाइलीत ठेवतं. एक्सपीच्या काळात ही ‘थंब्ज डॉट डीबी’ फाइल त्याच फोल्डरात असे; व्हिस्टापासून वापरकर्त्याच्या खात्यात ‘थंबकॅश’ नावाच्या फाइली आल्या. मूळ फोटो पुसला तरी छोटी प्रतिमा राहू शकते. ही फाइलही पुसली, तरी डिस्कवर तिचे तुकडे उरू शकतात.

तुकडा ओळखायचा कसा? जेपेगच्या सुरुवातीचे ‘एफएफ डी८ एफएफ’ हे बाइट सापडले एवढ्याने भागत नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोच्या पोटातही छोटी प्रतिमा असते, ब्राउझरही चित्रं साठवतो. नैयायिकांवर असाच आक्षेप आला होता: पुढे कुठे पाणी अडलं तरी नदी फुगतेच की! त्यांचं उत्तर असं, की नुसत्या फुगण्यावरून आम्ही सांगत नाही. वेग, फेस, वाहून आलेली पानं-लाकडं बघून सांगतो. इथली पानं-लाकडं म्हणजे प्रतिमेच्या आधी येणारी ‘सीएमएमएम’ ही चार अक्षरं, नोंदीची लांबी आणि आठ बाइटांचा ओळखक्रमांक. तोच क्रमांक विंडोजच्या शोधसूचीत मिळाला, तर मूळ फाइलीचा पत्ता लागू शकतो.

समजा, उल्हासनगरच्या बाजारातून एका मुलाने जुना संगणक घेतला आणि त्यात आक्षेपार्ह तुकडा निघाला. अशी प्रतिमा या डिस्कवर कधीतरी तयार झाली, एवढंच तो तुकडा म्हणतो. फोटो उघडून पाहिला की फोल्डर नुसता चाळला, आणि मुळात कोणी, हे तो सांगत नाही. मोकळ्या जागेतल्या तुकड्याला तर खात्याचं नावही उरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य येतं. त्याने प्रत तीच आहे हे कळतं; मुलाने काय केलं हे नाही. वकील मंडळी हसताहेत, पण ही गल्लत सहज होते. अशा व्यवहारात पावती बहुधा नसतेच. विंडोज बसवल्याची तारीख मात्र रजिस्ट्रीत मिळते. तपास तिथून सुरू करता येतो.